फीत कापल्याने बाग उघडते काय?



आमच्या वस्तीच्या मागे महापालिकेची एक बाग आहे. शहराचं नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट कुठल्याही शहराची होऊ शकते. गेल्या महिन्यात त्या बागेचा नवा भाग उघडला. कारंजं, पळायला गोल रस्ता, व्यायामाची लोखंडी यंत्रं, हिरवंगार गवत. उद्घाटनाच्या आधी चार दिवस पुढाऱ्याचा माणूस आमच्या मंडळाकडे आला. म्हणाला, १४ एप्रिलला तुमचं लेझीम लई भारी असतं. त्या दिवशी घेऊन या. चहा-नाश्ता आमच्याकडं.

संध्याकाळी विहारात पोरं जमली आणि भांडण पेटलं. एक बाजू म्हणाली, वस्तीत पोरांना खेळायला हातभर जागा नाही. गटाराच्या कडेला क्रिकेट चालतं. आता जागा झालीय तर तोंड वाकडं कशाला करायचं? दुसरी बाजू म्हणाली, त्या नव्या भागात आपली अकरा घरं होती. अकरा चुली होत्या. पत्रे उचकटून त्या माणसांना शहराच्या पार टोकाला नेऊन टाकलं. त्या चुलींवर कारंजं उडणार आणि आपण त्याच्याभोवती लेझीम खेळायची?

मी दुसऱ्या बाजूने तावातावाने बोललो. कवी म्हणून वस्तीत माझं थोडं नाव आहे, त्यामुळे माझं भाषण झालंच. बहिष्कार ठरला. मी छाती काढून घरी आलो.

घरी आई ट्रंक उघडून बसली होती. तिने तिची पांढरी साडी बाहेर काढली होती, निळ्या काठाची. ती साडी वर्षातून दोनदाच निघते. मी विचारलं, आज काय? ती म्हणाली, "चार दिसांनी बाग उघडतीया न्हवं. घडी मोडून ठेवते. येतूस का?"

आता सांगितलं पाहिजे की त्या नव्या भागातलं गवत माझ्या आईने लावलंय. एकटीने नाही, ठेकेदाराकडे बारा बाया होत्या. तीन महिने उन्हात वाकून, मुळीमुळीने. शेवटच्या पंधरा दिवसांची मजुरी ठेकेदाराने अजून दिलेली नाही. मी चिडलो. म्हणालो, आई, तुझे पैसे बुडवले त्यांनी, आणि तू नवी साडी नेसून टाळ्या वाजवायला जाणार?

ती म्हणाली, "पैसं त्यानं बुडवलं. गवतानं न्हाई."

त्या रात्री मला रातपाळी होती. मी सूतगिरणीत रिंग फ्रेम खात्यात आहे. सूत तुटलं की जोडायचं, परत तुटलं की परत जोडायचं, एवढंच काम. हात काम करतात, डोकं मोकळं असतं. रात्रभर एकच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. आईचा आनंद खोटा आहे का? ज्या वस्तूत आपल्यावर झालेला अन्याय मिसळलेला आहे, त्या वस्तूचा आनंद माणसाने करावा की करू नये? प्रश्न बागेपुरता लहान वाटतो. पण शाळा, रस्ता, नळ, घरकुल, आपल्या वाट्याला जे जे उशिरा आणि अर्धवट आलं त्या सगळ्याला हा प्रश्न लागू आहे. म्हणून इथे लिहितोय.

पहिली गोष्ट. आपल्याला आनंदाचा संशय येतो, आणि तो येणं बरोबर आहे. गावात आपल्या आज्या-पणज्यांना आनंद कसा भेटायचा? पाटलाच्या घरी लग्न असलं की पंगत उठल्यावर उरलेलं. बलुत्याची पेंढी. येसकराच्या पाळीची शिळी भाकर. त्या आनंदाला जोडून वाकलेली मान होती, जोहार होता. पोट भरायचं ते दुसऱ्याच्या उपकाराने. बाबासाहेबांनी हेच सोडायला लावलं, आणि तेव्हापासून कुणी काही देऊ केलं की आपण आधी त्याच्या हाताकडे बघतो. हा संशय चळवळीने कमावलेला आहे. तो गमावला तर आपण परत पंगतीच्या कडेला जाऊन बसू.

पण संशय एवढा वाढला की आपलीच वस्तू आपण परक्याची म्हणून सोडून दिली, तर? तर तो संशय कुणाच्या कामाचा? प्रस्थापिताच्याच कामाचा. त्याला हेच पाहिजे की बाग त्याची राहावी आणि आपण बाहेर उभं राहून स्वाभिमानी असावं.

बाग कुणाच्या पैशाची आहे? महापालिकेच्या तिजोरीतली. तिजोरीत कुणाचा पैसा? बंगलेवाल्याचा आहे तसा काड्यापेटी विकत घेणाऱ्याचाही आहे. पुढाऱ्याने खिशातला एक रुपया घातलेला नाही. मग तो देणारा कसा झाला आणि आपण घेणारे कसे झालो? संविधानाचं पंधरावं कलम काढून बघा. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात दुकानं आणि हॉटेलं आहेत, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आहेत, आणि शेवटी आहेत सार्वजनिक राबत्याच्या जागा. राज्याच्या पैशाने राखलेल्या अशा जागी धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येत नाही. म्हणजे बागेचा बाक संविधानात आहे. राबता म्हणजे येणं-जाणं, वावर. पण मला तो शब्द वाचताना दरवेळी राबणाराच ऐकू येतो.

आता दुसरी गोष्ट. उघडणं म्हणजे काय?

मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ ला ठराव पास करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने ठराव केला, चवदार तळं खुलं. झालं की नाही उघडं? कागदावर झालं. पण तीन वर्षं आपल्या एकाही माणसाची ओंजळ त्या पाण्याला लागली नाही. तळं उघडलं २० मार्च १९२७ ला, जेव्हा बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि त्यांच्यामागून हजारो माणसं उतरली. मग सवर्णांनी शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळं परत बंद केलं. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. डिसेंबरात परिषद परत भरली. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला. एक तळं उघडायला ठरावापासून तेरा वर्षं.

यातून मला एवढं कळतं की सार्वजनिक जागा फीत कापून उघडत नाही. ज्याला आत जाता येत नव्हतं तो आत जाऊन बसला म्हणजे उघडते. आणि एकदा उघडली म्हणून उघडी राहील याचीही खात्री नाही. ती रोज उघडावी लागते.

हे गिरणीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांचं दार आपल्या माणसांना उघडं होतं. पण विणखात्याचं नव्हतं. धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे, आणि आपली थुंकी दुसऱ्याच्या तोंडाला लागली तर तो बाटत होता. विणखात्यात पगार जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. म्हणजे एकाच गेटच्या आत एक भाग उघडा आणि एक भाग बंद. म्हणून कुठेही ‘नवा भाग उघडला’ असं ऐकलं की मी विचारतो, कुणासाठी?

तिसरी गोष्ट. बाग आपल्याला लागते कशाला? भाकरीचा प्रश्न असताना फुलं कशाला, असं आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांना मी दोन बागा सांगतो.

पहिली बाग मुंबईत, चर्नी रोडची. शाळकरी भीमराव परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहायचा. त्या खोलीत घरातली सगळी माणसं, चूल, सरपण. शाळा सुटली की हा पोरगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर फिरायला येत. रोज वाचत बसणारा पोरगा त्यांच्या नजरेत भरला. चौकशी केली, पुस्तकं दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराची सभा भरली. अध्यक्ष हेच बोले होते. केळुसकरांनी आपण लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. पुढे सयाजीराव महाराजांकडे शिष्यवृत्तीसाठी शब्दही त्यांनीच टाकला. १९५६ साली नागपुरात जे झालं त्याचा एक धागा मागे ओढत गेलात तर तो एका बागेतल्या बसायच्या जागेपर्यंत जातो.

बंगलेवाल्याला बाग म्हणजे दागिना. त्याच्या घराला गच्ची आहे, खोल्या आहेत, दिवा आहे. आपल्याला बाग म्हणजे खोली. घरात नसलेली जास्तीची खोली. तिथे पोर अभ्यास करतं, म्हातारा श्वास घेतो, नवरा-बायको चार शब्द बोलतात. म्हणून बागेचा प्रश्न भाकरीच्या प्रश्नाहून हलका नाही.

पण इथेच थांबलो तर ही गोड गोष्ट होईल आणि आपण फसू. दुसरी बाग बडोद्याची, कामाठी बाग. १९१७ साल. तोच भीमराव आता कोलंबिया विद्यापीठात शिकून आला आहे, बडोदा सरकारात नोकरीला आहे. शहरात राहायला कुणी जागा देत नाही. पारशी लोकांच्या वसतिगृहात नाव लपवून राहिला तर काठ्या घेऊन माणसं आली आणि बाहेर काढलं. मुंबईची गाडी रात्री. तोवर बसायचं कुठे? कामाठी बागेत. तिथे बसून त्याला आपल्या आई-बापाची आठवण आली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

दोन्ही बागांनी जात विचारली नाही. पण पहिल्या बागेत तो घरातून आला होता, दुसऱ्या बागेत घर नाही म्हणून आला होता. बाग घराच्या जोडीला पाहिजे. घराच्या जागी बाग दिली तर ती बाग नाही, ती हकालपट्टी आहे.

आणि ही हकालपट्टी आपल्याच देशात होते असं समजू नका. न्यूयॉर्कमधे सेंट्रल पार्क म्हणून जगप्रसिद्ध बाग आहे. त्या बागेच्या पश्चिम कडेला सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ पासून काळ्या माणसांनी तिथे जमिनीचे तुकडे विकत घेतले. अमेरिकेत गुलामगिरी चालू असतानाची ही गोष्ट. न्यूयॉर्कात काळ्या पुरुषाला मत द्यायचं तर अडीचशे डॉलरची मालमत्ता दाखवावी लागे, गोऱ्याला लागत नसे. म्हणून जमिनीला किंमत होती. १८५५ च्या सुमाराला तिथे सव्वादोनशे माणसं होती, तीन चर्च होते, शाळा होती. बाग करायचं ठरलं आणि १८५७ पर्यंत सगळं उठवलं. पाडण्याआधी वर्तमानपत्रांनी त्यांना झोपडपट्टीतले घुसखोर म्हणून रंगवलं. तिथे साधी पाटी लागली २००१ साली. ओळखीची वाटते ना गोष्ट? आमच्या अकरा घरांनाही आधी ‘अतिक्रमण’ म्हटलं आणि मग पाडलं. आधी शब्द पाडतात, मग भिंत.

माझा आजा मुंबईच्या गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आजा गावी परत आला तो आलाच. पुढे गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ साली नियम झाला. ढोबळमानाने तीन वाटे: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. म्हणजे जिथे आज्याने घाम गाळला तिथे तिसरा वाटा बाग-मैदान होणार होतं. २००१ साली नियम बदलला. वाटे फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचे, बांधकामाखालची जमीन हिशेबातूनच बाहेर. २००६ साली सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. कागदावरची बाग कागदावरच आक्रसली. तिचं उद्घाटन झालं नाही म्हणून तिच्यासाठी रडलंही कुणी नाही.

आजा सुट्टीच्या दिवशी माझ्या बापाला राणीच्या बागेत न्यायचा. भायखळ्याची ही बाग १८६२ पासून आहे. गिरणगावाच्या पोरांनी हत्ती पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. तिथेही नवे भाग उघडत गेले. २०१७ च्या मार्चमधे पेंग्विनचा कक्ष उघडला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून मोठ्या माणसाचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झालं. चौघांच्या कुटुंबाला शंभर. २६ जानेवारी २०२० ला, प्रजासत्ताक दिनी, पक्ष्यांचं मोठं घर उघडलं. माणूस आतून चालतो आणि पक्षी डोक्यावरून उडतात. चांगली गोष्ट आहे. पोरांनी बघावी. पण बागेला कुलूप घालायला कुलूपच लागतं असं नाही. तिकिटाने घालता येतं, वेळेने घालता येतं, पाटीने घालता येतं. पूर्वी सरळ सांगायचे, तू या जातीचा, आत येऊ नको. आता कुणी तसं म्हणत नाही. आता फक्त आकडा लिहितात.

आमच्या बागेचंच बघा. तिकीट नाही. वेळ सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते आठ. माझी रातपाळी आठला सुटते, बागेपाशी येईतो नऊ. जुन्या भागातल्या बाकांना मधे लोखंडी दांडा बसवलाय, आडवं होता येऊ नये म्हणून. मागे एकदा पाळी लवकर सुटली तेव्हा मी तिथे बसल्या बसल्या झोपलो, तर वॉचमनने काठीने उठवलं. तो वॉचमन आमच्याच गल्लीतला. ठेक्यावर बारा तास उभा राहतो. त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांचा फोटो आहे. त्याच्यावर मी काय रागावू? काठी त्याच्या हातात आहे, पण ती त्याची नाही.

तर उद्घाटनाच्या दिवशी काय झालं ते सांगतो. लेझीम गेली नाही. ते बरोबर झालं असं मी आजही म्हणतो. लेझीम गेली असती तर आपलं शरीर पुढाऱ्याच्या उपकाराची सजावट झालं असतं. पण आईबरोबर मी गेलो. मंडळातल्या पोरांनी मला शिव्या घातल्या. आई दोरीच्या मागे उभी राहिली. फीत कापली, फोटो झाले, गाड्या गेल्या. मग आईने चप्पल काढून हातात घेतली आणि ‘गवतावर चालू नये’ या पाटीच्या शेजारून सरळ गवतावर गेली. वॉचमन धावत आला. "मावशी, साहेब बघतील." ती म्हणाली, "बघू दे. म्या लावलंय." मग ती खाली बसली. एका जागी मूळ धरलं नव्हतं, ते तिने बोटाने माती सारून दाबलं. पाणी कमी पडतंय म्हणाली.

तेव्हा मला माझ्या रातपाळीतल्या प्रश्नाचं उत्तर कळलं. तिच्या चेहऱ्यावर उपकृत माणसाचा आनंद नव्हता. करणाऱ्याचा होता. मी सूत काढतो, त्याचं कापड कुठे होतं, कुणाच्या अंगावर जातं, मला कधी दिसत नाही. तिला तिचं गवत दिसलं. हा आनंद तिला कुणी दिलेला नाही, म्हणून तो कुणी काढूनही घेऊ शकत नाही. आणि या आनंदाने तिचा राग कमी झाला नाही. परत येताना तिने मला ठेकेदाराच्या पंधरा दिवसांचा हिशेब तोंडपाठ म्हणून दाखवला.

म्हणून माझं म्हणणं असं. आनंद करा, आभार मानू नका. जे आपल्या पैशाने आणि आपल्या हाताने झालं त्यात पाय रोवून बसा. तिथे बसूनच बाकीचा हिशेब मागा. जो आनंद हिशेब विसरायला लावतो तो पंगतीतल्या उष्ट्याचा आनंद. जो हिशेब मागायची ताकद देतो तो आपला.

पण एक गोष्ट लपवणार नाही. बहिष्काराच्या बाजूने माझ्याबरोबर बोलणारा माझा एक मित्र अजून त्या बागेत आलेला नाही. त्या अकरा घरांत त्याच्या आत्याचं घर होतं. वरचं सगळं मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझ्या आईचं गवत खरं आहे, माझ्या आत्याची चूलही खरी आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्याला ‘ये’ म्हणायचा अधिकार मला नाही. आत्याला घर मिळेपर्यंत माझ्यापुरती ती बाग अर्धीच उघडली आहे, एवढंच मी म्हणू शकतो.

आम्ही महापालिकेत अर्ज दिलाय. बारा बायांची पंधरा दिवसांची मजुरी. अकरा कुटुंबांना याच भागात घर. बाग दिवसभर उघडी ठेवा. बाकांचे दांडे काढा. कारंज्याजवळ रात्री दहापर्यंत दिवा ठेवा, पोरांना अभ्यासाला. अर्जावर पंधरावं कलम लिहिलंय. खाली सह्या आहेत, अंगठे आहेत. मित्राचीही सही आहे. पोच घेतलीय.

दिव्याची वाट न बघता पोरं रोज संध्याकाळी तिथे वह्या घेऊन बसतात. आठला शिट्टी होईपर्यंत. तुमच्या गावात बाग असेल तर तिथे जाऊन बसा, आणि काय झालं ते इथे लिहून पाठवा.

जयभीम.